अनुकारकातील दृश्य आणि गती

विमान चालविण्याचा अनुभव जमिनीवरच घेता यावा, ह्यासाठी सिद्ध केलेल्या साधनास उड्डाण-अनुकारक असे म्हणतात; लोकव्यवहारात सिम्युलेटर हाच शब्द रूढ आहे. अमेरिकेतील एडविन लिंक ह्यांनी असे यंत्र १९२९ साली तयार केले. लिंक ह्यांच्या घरी पियानो व ऑर्गन ह्या वाद्यांचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा खेळविणारे जे भाते असतात त्यांचाच उपयोग करून त्यांनी विमानाच्या आकाराची एक लाकडी पेटी डोलती-झुकती केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लक्षावधी वैमानिकांनी ह्या पेटीत बसून शिक्षण घेतले. पेटीचे झाकण लावले की बाहेरचे काहीही दिसत नसे. शिकणाऱ्याने समोरच्या उपकरणांवर दृष्टी ठेवून, आंधळेपणाने म्हणावे तसे, विमान सरळ राखावयाचे, एवढाच त्या शिक्षणाचा हेतू होता.

आजची स्थिती ह्याच्या अगदी उलट आहे. १९७९ साली ब्रूस आर्टविक ह्यांनी घरगुती संगणकासाठी उड्डाणाची आज्ञावली रचली, तेव्हा पडद्यावर थोड्याशा सरळ रेषांखेरीज काही दिसत नव्हते. १९८२ साली तिचेच सुधारलेले रूप 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' ह्या नावाने प्रसिद्ध झाले. आणि त्याच मालिकेच्या २०२० सालच्या आवृत्तीत उपग्रहांनी व विमानांनी घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे सबंध पृथ्वीचा पृष्ठभाग उभा करण्यात आला. वाराणसीतील एखादा विद्यार्थी आज आपल्या खोलीत बसून बाबतपूरच्या लालबहादूर शास्त्री विमानतळावरून उड्डाण करतो आणि थोड्याच वेळात गंगेच्या वळणावर येऊन पोहोचतो.

परंतु नेमके येथेच त्याचे विमान अडखळू लागते. शेतांवरून जाताना जे दृश्य अखंड वाहत होते, ते घाटांजवळ येताच धक्के घेत सरकते. अशा वेळी बहुतेकजण दोहोंपैकी एक मार्ग धरतात. कोणी आज्ञावलीतील सर्वच नियंत्रणे खाली ओढतो आणि निस्तेज चित्र पाहत बसतो. तर कोणी घरच्यांकडे हट्ट धरून महागडे ग्राफिक्स कार्ड आणवितो आणि विमान पुन्हा त्याच जागी अडखळलेले पाहून खिन्न होतो. दोघांचीही चूक एकच आहे. रोग कोणता हे न पाहताच त्यांनी औषध घेतले.

आधी मोजावे, मग बदलावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील साधा नियम अनुकारकासही लागू पडतो. तो कसा लागू करावा हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

१. चौकट आणि तिचा काळ

पडद्यावरील हालते दृश्य हे वस्तुतः एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते. ह्या प्रत्येक चित्रास फ्रेम किंवा चौकट असे म्हणतात. चित्रपटात दर सेकंदास २४ चौकटी दाखविल्या जातात. मात्र चित्रपटाच्या चौकटी आधीच तयार असतात, तर अनुकारकातील पुढची चौकट कोणती असेल हे वैमानिकाच्या हातावर अवलंबून असते. ती आधी करून ठेवता येत नाही. त्या क्षणीच रचावी लागते.

दर सेकंदास ३० चौकटी हव्या असतील तर एका चौकटीसाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० हव्या असतील तर सुमारे १७. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) आता १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान विमानाचा विचार करा. ते एका सेकंदात सुमारे ५१ मीटर अंतर तोडते. दर सेकंदास ३० चौकटी असतील तर दोन चौकटींमध्ये ते १.७ मीटर पुढे जाते. १० च असतील तर ५ मीटरांहून अधिक. धावपट्टीवर उतरताना चाके टेकण्यापूर्वीचे काही मीटर ज्याला जोखावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. चौकट उशिरा आली म्हणजे हाताने केलेल्या कृतीचे फळ डोळ्यांस उशिरा दिसते. विमानाचे नाक थोडे वर घ्यावे म्हणून शिकणारा दांडा ओढतो. परिणाम दिसत नाही म्हणून आणखी ओढतो. तोवर पहिल्या ओढीचा परिणाम दिसू लागतो, नाक अधिकच वर जाते, आणि मग तो घाईने दांडा पुढे ढकलतो. अशा रीतीने विमान वरखाली हेलकावे घेऊ लागते. येथे विमानाचा दोष नाही आणि हाताचाही नाही. दोष विलंबाचा आहे. विमान-कंपन्यांच्या वैमानिकांना ज्यांवर शिकविले जाते अशा उच्च श्रेणीच्या अनुकारकांत हा विलंब किती असावा ह्याविषयी काटेकोर नियम असतात. अमेरिकेच्या नियमांत त्यांसाठी दीर्घ काळ १५० मिलिसेकंदांची मर्यादा होती.

काही आज्ञावल्यांत तर चौकटींचा प्रश्न केवळ दृश्यापुरता राहत नाही. 'एक्स-प्लेन' ह्या आज्ञावलीत विमानाच्या गतीचे गणितही चौकटीगणिक केले जाते. चौकटींचा दर सेकंदास सुमारे २० च्या खाली गेला, तर गणित बिघडू नये म्हणून ती आज्ञावली आपला काळच मंद करते. मग भिंतीवरील घड्याळात दहा मिनिटे होतात, पण विमानाच्या जगात तेवढी होत नाहीत. ज्याला वेळ मोजून वळण घेण्याचा सराव करावयाचा आहे, त्याची त्यामुळे नकळत फसगत होते.

२. नक्शा आणि माग

एक चौकट तयार होण्यासाठी संगणकात मुख्यतः दोन घटक राबतात. पहिला प्रोसेसर आणि दुसरे ग्राफिक्स कार्ड. त्यांचे परस्परसंबंध समजून घेण्यास वाराणसीइतके सोयीचे गाव नाही; कारण येथील मदनपुरा, अलईपुरा ह्या वस्त्यांत तशीच कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

बनारसी साडीची वेलबुट्टी प्रथम चौकटींच्या कागदावर आखली जाते. तो नक्शा होय. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडतात. त्या पट्ट्या मागावरील जकार्ड यंत्रास लावल्या की आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीस उभ्या धाग्यांपैकी कोणते उचलावयाचे हे ठरते, आणि विणकर धोटा फेकीत जातो. छिद्रे पाडणारा आणि विणणारा ह्या दोघांपैकी जो मंद असेल त्याच्या गतीने साडी पुरी होते. पट्ट्याच वेळेवर येत नसतील तर दुप्पट चपळ विणकर आणून काय उपयोग? तो हात जोडून बसून राहील. उलट पट्ट्यांचा ढीग पडला असेल, तर छिद्रे पाडणाऱ्यास घाई करण्यात अर्थ नाही.

संगणकात प्रोसेसर हा नक्शा आखणारा होय. विमानावर हवेचा जोर किती, ते कोठे आहे, दृष्टीच्या टापूत कोणत्या इमारती, वृक्ष व वाहने येतात, ह्यांचा हिशेब तो करतो आणि काय काढावयाचे त्याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवितो. ग्राफिक्स कार्ड हा विणकर होय. त्या यादीबरहुकूम पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ते ठरविते. दोघेही एकाच वेळी काम करीत असतात. एक चौकट विणली जात असता पुढच्या चौकटीचा नक्शा चालू असतो. म्हणून चौकटीचा काळ हा दोघांच्या काळाची बेरीज नसून, सुमाराने, दोहोंतील मोठ्या काळाइतका असतो.

हे एक वाक्य वाचकाने पक्के ध्यानात ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

३. सरासरीचा भ्रम

बहुतेक आज्ञावल्यांत चौकटींचा दर पडद्याच्या कोपऱ्यात दाखविण्याची सोय असते. परंतु त्या एका आकड्यावर विसंबून राहणे बरे नव्हे.

समजा, एका सेकंदात ५८ चौकटी प्रत्येकी १३ मिलिसेकंदांनी आल्या आणि एक चौकट उरलेले २४६ मिलिसेकंद अडून राहिली. आकडा दिसेल ५९. तो उत्तमच म्हटला पाहिजे. पण पाहणाऱ्यास जवळजवळ पाव सेकंदाचा धक्का बसलेला असतो आणि तेवढ्यात विमान १२ मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत मंद चौकट किती काळाची होती, हेही टिपावे.

दुसरा भ्रम तुलनेचा आहे. दर सेकंदास २० वरून २५ चौकटी झाल्या, तर प्रत्येक चौकटीमागे १० मिलिसेकंद वाचले. ५० वरून ५५ झाल्या, तर दोनही वाचले नाहीत. वाढ दोन्हीकडे पाचचीच आहे. तिचे मोल मात्र सारखे नाही. ह्यास्तव तुलना करताना दर न घेता काळ घ्यावा. एक हजारास दराने भागले की मिलिसेकंदांत काळ मिळतो.

पडद्याचा स्वतःचाही एक ताल असतो. सामान्य पडदा सेकंदास ६० वेळा चित्र बदलतो. अनुकारक सेकंदास ४५ चौकटी देत असेल, तर काही चौकटी पडद्यावर एक ताल राहतात व काही दोन ताल. चाल लंगडी दिसते. त्यापेक्षा चौकटी ३० वरच बांधून ठेवल्या, तर प्रत्येक चौकट नेमकी दोन ताल राहते आणि डोळ्यांस दृश्य अधिक शांत वाटते. म्हणून आकडा मोठा असण्यापेक्षा तो स्थिर असणे बरे.

४. गंगेवरील प्रयोग

आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. ह्या कामी निसर्गाने वाराणसीस एक दुर्मिळ सोय करून दिली आहे. गंगा येथे उत्तरेकडे वाहते. तिचा पश्चिम तीर उंच असून त्यावर अस्सीपासून राजघाटापर्यंत घाटांची अखंड रांग आणि त्यामागे गल्लीबोळांचे दाट नगर आहे. नागपूरकर भोसले, शिंदे आणि अहिल्याबाई होळकर ह्यांच्या नावांचे घाट ह्याच रांगेत आहेत. समोरच्या पूर्व तीरावर मात्र नदीचे पाणी उतरले की वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. नदीच्या मधोमध उत्तरेकडे उडत गेल्यास डाव्या हातास हजारो इमारती आणि उजव्या हातास जवळजवळ मोकळी भूमी असते. विमान तेच, संगणक तोच, हवा तीच. बदलते ती केवळ दृष्टीची दिशा.

प्रयोगाची तयारी अशी करावी. हवामान निरभ्र आणि वेळ दुपारची अशी निश्चित करावी. प्रत्यक्ष हवामान व विमानांची रहदारी जालावरून घेण्याची सोय बंद ठेवावी, कारण ती दर वेळी बदलते. रामनगरच्या किल्ल्याजवळून निघून नदीवर यावे. डावीकडे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे अर्धवर्तुळाकार रस्ते दिसू लागतील. त्यांच्या पुढेच अस्सी घाट. तेथून १,५०० फूट उंची आणि १०० नॉट वेग राखून १८८७ सालच्या मालवीय पुलापर्यंत जावे. हे अंतर नदीच्या वळणाने सुमारे साडेसहा किलोमीटर असून त्यास दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. पहिली फेरी मोजणीत धरू नये, कारण त्या फेरीत भूभागाची चित्रे जालावरून उतरत असतात. त्यानंतरच्या एका फेरीत दृष्टी डावीकडे व एका फेरीत उजवीकडे ठेवून चौकटीचा काळ टिपावा.

ह्यानंतर चित्रातील बिंदूंची संख्या कमी करून त्याच दोन फेऱ्या पुन्हा कराव्यात. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. १२८० गुणिले ७२० च्या चित्रात ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. बिंदू रंगविण्याचे काम विणकराचे. साड्यांचा पन्हा अरुंद केल्यावर काम भराभर होऊ लागले तर अडचण विणकराकडे होती. काहीच फरक पडला नाही तर ती नक्शा आखणाऱ्याकडे आहे.

उदाहरणादाखल समजा की, एका संगणकावर पुढीलप्रमाणे नोंदी मिळाल्या :

मोठे चित्र, घाटांकडे दृष्टी : ४२ मिलिसेकंद
मोठे चित्र, वाळूकडे दृष्टी : २४ मिलिसेकंद
लहान चित्र, घाटांकडे दृष्टी : ४१ मिलिसेकंद
लहान चित्र, वाळूकडे दृष्टी : १५ मिलिसेकंद

ह्या चार आकड्यांत सर्व निदान सामावलेले आहे. वाळूकडे पाहताना चित्र लहान केल्याने काळ २४ वरून १५ वर आला. तेथे ग्राफिक्स कार्ड मागे पडत होते. घाटांकडे पाहताना मात्र तेच करूनही जवळजवळ काहीच वाचले नाही; तेथे प्रोसेसर मागे पडत आहे. एकाच संगणकात, एकाच नदीवर, मान वळवताच अडचणीचे ठिकाण बदलते! घाटांवरील अडखळण्यास कंटाळून ज्याने नवे ग्राफिक्स कार्ड घेतले असते, त्याला वाळूवरून उडताना सुख लाभले असते. घाटांवर मात्र विमान पूर्वीसारखेच अडखळले असते.

'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'च्या २०२० सालच्या आवृत्तीत 'डेव्हलपर मोड' चालू केला असता चौकटींच्या मापकावर प्रोसेसर अडतो आहे की ग्राफिक्स कार्ड, हे लिहूनच येते. तरीही वरील प्रयोग एकदा स्वहस्ते करावा. मापक केवळ निकाल सांगतो. प्रयोगाने त्याचे कारण समजते.

५. नियंत्रणांचे दोन वर्ग

आज्ञावलीतील नियंत्रणांची नावे पुष्कळ असली, तरी त्यांचे दोन वर्ग पाडले की गोंधळ उरत नाही.

पहिला वर्ग प्रोसेसरवर भार टाकणाऱ्यांचा. भूभाग व वस्तू किती दूरपर्यंत तपशिलाने दाखवाव्यात हे ठरविणारी 'लेव्हल ऑफ डीटेल' नामक नियंत्रणे ह्यांत मुख्य होत. येथे भूमितीचा एक नियम आठवावा. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. तपशिलाचे अंतर दुप्पट केल्यास मोजावयाच्या वस्तू दुपटीने नव्हे, चौपटीपर्यंत वाढू शकतात. म्हणून ही सरकपट्टी थोडी जरी मागे घेतली तरी लाभ बराच होतो. विमानतळावरील वाहने, रस्त्यांवरील मोटारी, नदीतील नावा व आकाशातील इतर विमाने ह्यांची संख्याही ह्याच वर्गात येते. विमानातील काचपडद्यांची उपकरणे किती वेळा अद्ययावत करावयाची, हे नियंत्रणही प्रोसेसरचा वेळ घेते.

दुसरा वर्ग ग्राफिक्स कार्डावर भार टाकणाऱ्यांचा. चित्रातील बिंदूंची संख्या, ढगांची घनता, सावल्यांचा रेखीवपणा, पाण्यावरील प्रतिबिंबे आणि कडांवरील करवती दाते घालविणारे 'अँटी-अलायझिंग' ही ह्यातील प्रमुख. 'रेंडर स्केलिंग' ह्या नियंत्रणाने चित्र कमी बिंदूंत काढून नंतर मोठे करता येते. ते ८० टक्क्यांवर आणल्यास लांबी व रुंदी दोन्ही घटून बिंदू ६४ टक्केच उरतात; ७० टक्क्यांवर आणल्यास जवळजवळ निम्मे. अलीकडील 'डीएलएसएस' व 'एफएसआर' ह्या पद्धती असे लहान चित्र बऱ्याच कौशल्याने मोठे करतात. त्यांच्याच काही प्रकारांत दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये एक कल्पित चौकट घातली जाते. त्यामुळे दृश्य मऊ वाटते. परंतु ती चौकट वैमानिकाच्या हातातून आलेली नसल्याने हाताच्या कृतीचा परिणाम लवकर दिसत नाही, हे विसरू नये.

आता वरील उदाहरणाकडे परत येऊ. घाटांवर प्रोसेसर मागे पडत होता. म्हणून समजा वस्तूंच्या तपशिलाचे अंतर कमी केले, आणि घाटांकडील काळ ४२ वरून ३१ वर आला. दर सेकंदास ३० चौकटींसाठी लागणारी ३३ ची मर्यादा साधली. पण काम येथेच संपले नाही. वाळूकडे पाहताना २४ मिलिसेकंदच लागत होते. म्हणजे तेथेही ३३ पर्यंत बरीच जागा शिल्लक आहे. घाटांकडे पाहताना तर ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरची वाट पाहत रिकामेच होते. तेव्हा ढगांची घनता एक पायरी चढवून पाहावी. त्यास कार्डाचे ५ मिलिसेकंद लागले, तर वाळूकडील काळ २९ होईल. घाटांकडे कार्डाचे काम ३१ च्या आत मावत असल्यास तेथील काळ तसाच राहील. एक नियंत्रण खाली आणले, एक वर नेले. दृश्य पूर्वीहून देखणे झाले आणि विमानही अडखळेनासे झाले. पैसा एकही खर्च झाला नाही.

सर्वच नियंत्रणे सरसकट खाली ओढणाऱ्यास हा लाभ कधीच होत नाही. त्याने रिकाम्या बसलेल्या विणकराचेच काम कमी केलेले असते.

६. स्मृती, उष्णता आणि जाल

कधीकधी प्रोसेसर व कार्ड दोन्ही समर्थ असूनही मधूनच मोठा धक्का बसतो. अशा वेळी तीन ठिकाणी शोध घ्यावा.

पहिले ठिकाण ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती. भिंती, दगड, विमानाचे पत्रे ह्यांवर चढविलेल्या चित्रांस 'टेक्स्चर' म्हणतात. ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचे एक चित्र प्रत्येक बिंदूस चार बाइट ह्या हिशेबाने ६४ मेगाबाइट जागा अडविते. २०४८ गुणिले २०४८ चे १६ मेगाबाइट. प्रत्यक्षात ही चित्रे दाबून ठेवलेली असतात, तरी चौपटीचे हे प्रमाण कायम राहते. स्मृती भरेपर्यंत काही जाणवत नाही. भरून वाहू लागली की संगणकाच्या मुख्य स्मृतीतून ने-आण सुरू होते आणि दृश्य एकाएकी थबकते. अशा वेळी 'टेक्स्चर'चे नियंत्रण एक पायरी उतरविणे हाच उपाय.

दुसरे ठिकाण उष्णता. वैशाख-ज्येष्ठात वाराणसीचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. संगणकाचे भाग मर्यादेबाहेर तापू लागले की स्वतःस वाचविण्यासाठी आपली गती कमी करतात. म्हणून प्रारंभीच्या पाच मिनिटांतील मोजणी फसवी ठरते. वीस मिनिटे उड्डाण झाल्यावर ती पुन्हा घ्यावी. मांडीवरचा संगणक असल्यास तो गादीवर ठेवू नये, आणि विजेला जोडून ठेवावा. बॅटरीवर त्याची गती बहुधा कमी राहते. पंख्यांत साचलेली धूळ झटकल्यानेही काही वेळा दृश्य सुधारते.

तिसरे ठिकाण जाल. भूभागाची छायाचित्रे ज्या आज्ञावल्या उड्डाणाच्या वेळी जालावरून घेतात, त्यांत जोडणी मंद असली की जमीन पुसट दिसते. हा दोष प्रोसेसरचा नव्हे आणि कार्डाचाही नव्हे. तो नियंत्रणे खालीवर करून जाणार नाही. वारंवार लागणारा प्रदेश आधीच उतरवून संगणकात साठवून ठेवण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

७. धुक्यातील उड्डाण

आतापर्यंतची सर्व मोजणी निरभ्र दुपारची होती. परंतु गंगेच्या मैदानात पौष-माघात दाट धुके पडते. बाबतपूरहून सुटणारी विमाने त्या दिवसांत रखडतात, हे वाराणसीकरांच्या नित्य परिचयाचे आहे. अनुकारकातही त्या ऋतूचा सराव करावयाचा असेल, तर मोजणी निराळी घ्यावी लागते.

जुन्या आज्ञावल्यांत धुके हे संगणकाचे मित्र होते. दूरचे दिसत नाही, तेव्हा दूरचे काढावयासही नको, असा सरळ हिशेब असे. नव्या आज्ञावल्यांत ढग व धुके ही आकारमान असलेली वस्तू मानली जाते, आणि प्रकाश तिच्यातून कसा विखुरत येतो हे पायरीपायरीने मोजले जाते. ते काम ग्राफिक्स कार्डाचे आहे आणि जडही आहे. म्हणून निरभ्र दिवशी घाटांवर अडणारा प्रोसेसर धुक्यात मोकळा होऊन कार्डच अडू शकते. जे नियंत्रण आपण मघाशी निर्धास्तपणे वर नेले, तेच ह्या वेळी खाली आणावे लागते. समायोजन हे एकदा करून विसरून जाण्याचे काम नव्हे. कोणत्या उड्डाणासाठी, हे विचारूनच ते केले पाहिजे.

८. काय राखावे आणि काय सोडावे

शेवटचा प्रश्न मोजणीचा नसून हेतूचा आहे. ज्याला घाटांवरील संध्याकाळ पाहावयाची आहे, त्याने दर सेकंदास ३० चौकटींवर समाधान मानून प्रतिबिंबे व सावल्या राखाव्यात. त्यात गैर काहीच नाही. ज्याला उतरण्याचा सराव करावयाचा आहे, त्याने प्रतिबिंबे सोडावीत आणि चौकटींचे सातत्य राखावे. त्याने धावपट्टीच्या आसपासचा तपशील ठेवावा, दूरच्या वस्तीचा कमी करावा. आणि उपकरणांवरील आकडे स्पष्ट वाचता येतील इतके बिंदू मात्र कधीही सोडू नयेत. घरच्या संगणकावर केलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. त्यास मान्यताप्राप्त साधनच लागते. पण हाताला लागलेली सवय मात्र बरोबर येते. ती अडखळत्या दृश्यावर पडलेली असेल तर पुढे मोडावी लागते, आणि मोडणे हे घडविण्याहून कठीण असते.

धुक्यात शिरलेल्या वैमानिकास घाट दिसत नाहीत, वाळू दिसत नाही, धावपट्टीही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. त्याच्यापुढे उरतात ती फक्त उपकरणे आणि त्यांवरील स्थिर काटे. लिंक ह्यांच्या लाकडी पेटीत झाकण लावून बसलेल्या विद्यार्थ्याच्या पुढेही तेवढेच होते, आणि तेवढ्यावरच तो शिकला. अनुकारकातील सर्व दृश्यवैभव हे त्या मूळ कामावर चढविलेला साज आहे. साज अवश्य असावा. परंतु त्याच्या भाराने मूळ काम वाकू नये, इतकी काळजी घेतली म्हणजे समायोजन साधले असे समजावे.

स्वाध्याय

१. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या चित्रात १९२० गुणिले १०८० च्या चित्राच्या किती पट बिंदू असतात?

२. एका नियंत्रणामुळे प्रत्येक चौकटीस ४ मिलिसेकंद अधिक लागतात. चौकटीचा मूळ काळ १६ मिलिसेकंद असता दर सेकंदास चौकटी किती घटतील? मूळ काळ ४० मिलिसेकंद असता किती घटतील?

३. १२० नॉट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या अनुकारकात दर सेकंदास २५ चौकटी मिळत असतील, तर दोन चौकटींमध्ये विमान किती मीटर पुढे जाईल?

४. आपल्या गावाजवळ एका बाजूस दाट वस्ती व दुसऱ्या बाजूस मोकळी जागा असलेली नदी, तलाव किंवा समुद्रकिनारा शोधा. त्यावरून वर सांगितलेल्या चार नोंदी घ्या, आणि कोणते नियंत्रण प्रथम बदलावयाचे ते कारणासह वहीत लिहा. नंतरच त्या नियंत्रणास हात लावा.

उत्तरे : १. चौपट. २. ६२.५ वरून ५०, म्हणजे १२.५ ने, २५ वरून सुमारे २२.७, म्हणजे २.३ ने. ३. सुमारे २.५ मीटर.